भीतीची वाटणी : 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'चे एक वाचन

विल्यम गोल्डिंग ह्यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. १९८३ साली लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजी वाङ्मय शिकवणाऱ्यांच्या परिचयाची ही कादंबरी आहे आणि ती शिकवण्याची एक ठरलेली रीतही आहे. चांगल्या घरांतली इंग्रज मुले निर्जन बेटावर अडकतात, वडीलधाऱ्यांचा धाक सुटतो आणि पाहता पाहता ती एकमेकांच्या जिवावर उठतात; तेव्हा पशू बाहेर कुठे नसून माणसाच्या आतच आहे, असा निष्कर्ष फळ्यावर लिहायचा. विद्यार्थी तो उतरून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. विद्यार्थी असताना मीही लिहिला. शिक्षक झाल्यावर पहिली काही वर्षे मीही हाच सांगितला.

एका वर्षी तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, पिगीचं खरं नाव काय?" मला उत्तर देता आले नाही. घरी जाऊन पुस्तक पुन्हा चाळले. नाव नाही. कादंबरीतल्या सर्वांत शहाण्या मुलाला लेखकाने नावच दिलेले नाही, आणि इतक्या वेळा वाचूनही ही गोष्ट मला खटकली नव्हती. हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हता. तेव्हापासून ही कादंबरी मी त्या प्रश्नाच्या बाजूने वाचतो आहे. त्या वाचनातून हाती आले ते येथे मांडतो.

आधी लेखकाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. गोल्डिंग सॉल्झबरीच्या एका मुलांच्या शाळेत शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते आणि १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईत त्यांनी भाग घेतला होता. मुले आणि युद्ध, दोन्ही त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्यापुढे बॅलन्टाइनची 'द कोरल आयलंड' ही एकोणिसाव्या शतकातली कादंबरी होती. तीतही राल्फ आणि जॅक नावाची मुले बेटावर अडकतात. पण ती शूर, धार्मिक आणि निर्मळ राहतात, आणि क्रौर्य असते ते बेटावर येणाऱ्या काळ्या माणसांत. साम्राज्याने आपल्या मुलांना सांगितलेली ही गोष्ट गोल्डिंगनी मोडून टाकली. क्रौर्य तुमच्या गणवेशातल्या पोरांत आहे, असे त्यांनी इंग्रजांना तोंडावर सांगितले. हे धैर्याचे काम होते.

परंतु येथवर आल्यावर ते थांबत नाहीत. समाजाचे दोष माणसाच्या स्वभावातील दोषांपर्यंत नेऊन भिडवण्याचा हा प्रयत्न आहे, असे त्यांनीच सांगितले आहे. माझा मतभेद येथे सुरू होतो. 'स्वभाव' हा शब्द ऐकला की आपण सावध झाले पाहिजे. ह्या देशात माणसांचे गुण जन्माबरोबर येतात असे सांगूनच माणसांची उतरंड रचली गेली. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. गोल्डिंग कुणा एका जातीला दोषी धरीत नाहीत, ते सर्व मानवजातीला धरतात, हे खरे. वरवर पाहता ही समताच दिसते. पण सगळेच सारखे दोषी ठरले, की मारणारा आणि मरणारा ह्यांच्यातला फरक पुसला जातो. आणि दोष स्वभावाचा ठरला, की व्यवस्था सुटते.

आता कादंबरीतच काय आहे ते पाहू. लेखकाचे म्हणणे एक आणि त्याच्या पुस्तकाने दाखवलेले दुसरे, असे पुष्कळदा होते. ह्या पुस्तकाच्या बाबतीत ते ठळकपणे झाले आहे.

अणुयुद्ध चालू आहे. मुलांना सुरक्षित स्थळी नेणारे विमान पाडले जाते. सहा ते बारा वर्षांची मुले बेटावर विखुरतात. राल्फ आणि एक जाडा, दम्याचा, चष्मा लावणारा मुलगा प्रथम भेटतात. जाडा मुलगा राल्फचे नाव विचारतो. राल्फ त्याचे विचारीत नाही. शाळेत आपल्याला पिगी, म्हणजे डुकऱ्या, म्हणत. तेवढे सोडून काहीही म्हण, असे तो मुलगा विश्वासाने सांगतो. राल्फ खो खो हसतो. शंख सापडतो तेव्हा तो काय आहे आणि कसा फुंकायचा, हे पिगीच सांगतो. दम्यामुळे त्याला स्वतःला फुंकता येत नाही. ज्ञान पिगीचे, श्वास राल्फचा आणि पुढारीपणही राल्फचे.

शंखाच्या आवाजाने मुले जमू लागतात तेव्हा पिगी त्यांच्यात फिरून एकेकाचे नाव विचारतो, लक्षात ठेवू पाहतो. सबंध कादंबरीत हे काम करणारा तो एकटाच. इतक्यात जॅक मेरिड्यू आपले गायकपथक घेऊन येतो. काळे झगे, टोप्या, रणरणत्या उन्हात दोन रांगांत कवाईत. ही मुले बेटावर कोरी आलेली नाहीत. हुद्दा, गणवेश, हुकूम आणि ताबेदारी हे सगळे ती घरून घेऊन आली आहेत. जॅक आपले पहिले नाव सांगायलाही तयार नाही. पहिली नावे लहान पोरांची, आपण मेरिड्यू. तो गणवेश आणि तो हुकमी आवाज ऐकून पिगी दबतो आणि त्या मुलांची नावे विचारीतच नाही. असे गोल्डिंगनी स्पष्ट लिहिले आहे.

माझ्या मते सबंध कादंबरीची किल्ली ह्या बारीकशा तपशिलात आहे. बेटावर भीती प्रथम कोठे येते? पशूची कुजबुज अजून सुरूही झालेली नाही. रात्र पडलेली नाही, रान पाहिलेले नाही. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, एका मुलाला दुसऱ्या मुलाच्या आवाजाची भीती वाटते आणि त्या भीतीने नावांची मोजणी थांबते.

लगेच दुसरी घटना घडते. जॅक त्याला 'जाड्या' म्हणून गप्प करतो. तेव्हा राल्फ सगळ्यांसमोर सांगतो की त्याचे खरे नाव जाड्या नाही, पिगी आहे. सारी मुले हसतात. त्या हसण्याने ती एकमेकांना जोडली जातात आणि पिगी तेवढा बाहेर राहतो. ह्यानंतर मतदान होऊन राल्फ पुढारी होतो. क्रम लक्षात घ्यावा. आधी एकाला बाहेर काढून सगळ्यांचे हसणे, मग लोकशाही. बेटावरच्या समाजाची पायाभरणी त्या हसण्याने झाली आहे. आणि ही पायाभरणी क्रूर जॅकने केलेली नाही, सज्जन राल्फने केली आहे.

पिगीची बोली शुद्ध नाही. इतर मुलांची भाषा चांगल्या शाळांतली. हा मिठाईचे दुकान चालवणाऱ्या मावशीकडे वाढलेला. व्याकरण चुकते, दम्याचा उच्चार वेडावाकडा होतो आणि राल्फसुद्धा त्या उच्चारावरून त्याला चिडवतो. हा भाग शिकवताना माझा आवाज अजूनही थोडा बदलतो. मी शिकायला बाहेर पडलो तेव्हा 'पाणी' हा शब्द मला 'पानी' असाच येत होता. वर्गात मला मुद्दाम वाचायला उभे करीत. तो शब्द यायच्या आधीच हसू दबलेले असे.

पण हे लिहून मी थांबलो तर अप्रामाणिक ठरेन. आमच्या वसतिगृहात भटक्या जमातीतला एक मुलगा होता. त्याला सगळे एका जनावराच्या नावाने हाक मारीत. मीही मारीत होतो. सगळे त्याला हसत असत तोवर माझ्या 'पानी'कडे कुणाचे लक्ष जात नसे, हे मला तेव्हाही कळत होते. तो वर्ष पुरे न करताच निघून गेला. त्याचे खरे नाव मला आज आठवत नाही. राल्फविषयी जे म्हणतो ते मला माझ्याविषयीही म्हटले पाहिजे.

आता पशूकडे येऊ. चेहऱ्यावर जन्मखूण असलेला एक सहा वर्षांचा मुलगा सभेत पुढे येतो. त्याला बोलता येत नाही. तो पिगीच्या कानात सांगतो आणि पिगी सभेला ऐकवतो. सर्वांत लहान मुलाने आपली भीती सर्वांत अपमानित मुलाच्या तोंडून सांगितली. रात्री रानात सापासारखे काही फिरते, असे त्याचे म्हणणे. त्याला हसले जाते. राल्फ म्हणतो, पशू नाही. जॅकही म्हणतो, पशू नाही. मात्र असला तर आम्ही शिकारी त्याला मारू. ह्या वाक्यात जॅकचे सगळे पुढचे राजकारण आहे. भीती खोटी ठरवायची आणि तिच्यावर आपले दुकानही मांडायचे. त्याच दिवशी मुले पेटवलेली आग रानात पसरते. त्यानंतर तो जन्मखुणेचा मुलगा पुन्हा दिसत नाही. तो कुठे आहे, असे पिगी विचारतो. कुणीच उत्तर देत नाही. त्याला नाव नव्हते, त्याची गणती नव्हती, म्हणून त्याच्या मृत्यूची नोंदही नाही.

पुढे एका सभेत पिगी म्हणतो की पशू नाही आणि भीतीही नाही. माणसांचीच भीती वाटू लागली तर गोष्ट वेगळी. मुले त्याची टिंगल करतात. सभा उधळल्यावर तो राल्फला आणखी खोल काही सांगतो. मला जॅकची भीती वाटते, म्हणून मी त्याला ओळखतो. तो तुला काही करू शकणार नाही. पण तू बाजूला झालास तर तो पुढच्याला इजा करील, आणि तो पुढचा मी आहे.

समीक्षक सायमनच्या शहाणपणावर पुष्कळ लिहितात. पशू म्हणजे आपणच, हे सायमनचे म्हणणे सर्वांना प्रिय आहे. पिगीचे म्हणणे मात्र वाचून पुढे जातात. पण ह्या दोन वेगळ्या जाणिवा आहेत. सायमनच्या 'आपण'मध्ये सगळे एक होतात. पिगीला ठाऊक आहे की हे 'आपण' एक नाही. भीतीची वाटणी झालेली आहे. राल्फच्या वाट्याला थोडी, पिगीच्या वाट्याला पुष्कळ, आणि जॅकच्या वाट्याला दुसऱ्यांच्या भीतीचा नफा. गावाची खरी ओळख वाड्यातून होत नाही, वेशीबाहेरून होते. कारण बाहेरच्याला वाड्याचे प्रत्येक पाऊल ओळखावे लागते. पिगीचे ज्ञान ह्या जातीचे आहे.

बेटावर दोन भीती आहेत, असे माझे म्हणणे आहे. एक पशूची आणि दुसरी माणसाची. पहिली सगळ्यांना एकत्र आणते आणि शिकाऱ्याच्या पाठीमागे उभी करते. दुसरी एकेकट्याने सोसावी लागते. पहिलीचा गाजावाजा जितका मोठा, तितकी दुसरी झाकली जाते. डोंगरावरचा पशू प्रत्यक्षात काय आहे? हवाई लढाईत मरून हवाई छत्रीने खाली आलेला एक सैनिक. म्हणजे पशू आतून आलेला नाही, तो मोठ्यांच्या युद्धातून आलेला आहे. सायमन ते पाहतो, दोऱ्या सोडवतो आणि सांगायला खाली येतो. वादळात, नाचाच्या भरात, मुले त्यालाच पशू समजून ठार मारतात.

ह्यानंतर जॅक काय करतो ते पाहण्यासारखे आहे. पशू मेला असे तो म्हणू देत नाही. पशूला आपण कसे मारू शकू, तो वेषांतर करून येतो, त्याला नैवेद्य ठेवीत राहिले पाहिजे, असे तो आपल्या टोळीला बजावतो. हे बरोबरच आहे. पशू मेला तर जॅकची गरज काय? त्याच सुमारास तो विल्फ्रेड नावाच्या मुलाला बांधून मारायचे ठरवतो. कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नाही. आणि कारण ठाऊक नसणे हेच त्या मारण्याचे काम आहे. पशूची भीती दाखवून जमवलेल्या टोळीत शेवटी प्रत्येक जण जॅकलाच भितो.

शंखाचे काय? ज्याच्या हाती शंख त्याला बोलण्याचा हक्क, हा राल्फचा नियम. नियम चांगला आहे. पण शंख हाती असूनही पिगीला बोलू दिले जात नाही. पहिल्याच दिवशी जॅक सांगतो की डोंगरमाथ्यावर शंख चालत नाही. पुढे सांगतो की बेटाच्या आमच्या टोकाला चालत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करीत आहोत. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक हा लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. बेटावर मात्र उलटे होते. डोलारा फोडतात ते पोळलेले नव्हेत, ताकदवान फोडतात. पोळलेला पिगी शेवटपर्यंत शंख छातीशी धरून असतो.

आणखी एक प्रसंग. रॉजर हा मुलगा हेन्री नावाच्या लहानग्याच्या दिशेने दगड मारतो, पण नेम मुद्दाम चुकवतो. हेन्रीभोवती एक वर्तुळ आहे, त्यात दगड टाकण्याचे धैर्य रॉजरला होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस आणि कायदा ह्यांचे ते वर्तुळ. हा उतारा 'संस्कृतीचे कवच' म्हणून शिकवला जातो. मी आता पुढे एक प्रश्न विचारतो. हे वर्तुळ पिगीभोवती कधी होते? त्याच प्रकरणात जॅक त्याला मारतो आणि त्याच्या चष्म्याची एक काच फुटते. संस्कृती ढासळण्याची वाट त्याला पाहावी लागली नाही. आपल्याकडे काही माणसांभोवती असे वर्तुळ आखण्यासाठी १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला, ह्याचा अर्थच असा की संस्कृतीने ते आपण होऊन आखले नव्हते.

पिगीला मी नायक करू इच्छित नाही. सायमनच्या खुनानंतर तो म्हणतो, अंधार होता, अपघात होता, आपण कडेलाच होतो. राल्फ खून मान्य करतो, पिगी करीत नाही. अखेरच्या प्रसंगी, चोरलेला चष्मा उपकार म्हणून नव्हे तर न्याय म्हणून मागायला तो जातो, तेव्हा तोंडे रंगवलेल्या मुलांना तो जी शिवी देतो ती मूळ ब्रिटिश आवृत्तीत काळ्या माणसांना देतात ती आहे. पुढच्या आवृत्त्यांत ती बदलली गेली. स्वतः आयुष्यभर नाव ठेवून घेतलेला मुलगा साम्राज्याने शिकवलेले नाव दुसऱ्यांना ठेवतो. त्याची मोठी चूक मात्र वेगळी आहे. आपली बुद्धी त्याने सर्वस्वी राल्फच्या पुढारीपणामागे उभी केली. लहान मुले त्याच्याजवळ येत होती, त्यांच्यात तो कधी आपला माणूस म्हणून उभा राहिला नाही. सज्जन पुढाऱ्याचा सल्लागार होण्यात त्याने समाधान मानले. चळवळीतल्या शिकलेल्यांनी ही गोष्ट मनाशी घोळवावी.

कुणी म्हणेल, हे सगळे कल्पित आहे. खरोखर अडकलेली मुले अशीच वागली असती. १९६५ साली टोंगामधील एका निवासी शाळेतून सहा मुले बोट पळवून निघाली आणि वादळात सापडून आटा ह्या ओसाड बेटाला लागली. १९६६ साली एका ऑस्ट्रेलियन बोटीला ती सापडली, त्याला सव्वा वर्ष झाले होते. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, आग विझू दिली नव्हती, एकाचा पाय मोडला तेव्हा तो बांधून त्याची कामे वाटून घेतली होती. भांडण झाले की भांडणारे थोडा वेळ दूर जाऊन बसत. एवढ्याने माणूस स्वभावतः चांगला ठरतो असे मी म्हणणार नाही. सहा मुलांवरून ते ठरत नाही, तसे एका कादंबरीवरून उलटही ठरत नाही. पण ही सहा मुले एकमेकांचे मित्र होती. त्यांच्यात मेरिड्यू नव्हता आणि पिगीही नव्हता. फरक व्यवस्थेचा होता, आणि व्यवस्था बदलता येते. बुद्धाने दुःखाला कारण असते असे सांगितले ते एवढ्यासाठीच. कारण असलेल्या गोष्टीला उपाय असतो, जन्माच्या पापाला फक्त रडणे असते.

कादंबरीच्या शेवटी रडणेच आहे. नौदलाचा अधिकारी येतो. तुम्ही एकूण किती जण, असे तो विचारतो. राल्फला सांगता येत नाही. ब्रिटिश मुलांनी ह्याहून बरे वागायला हवे होते, असे तो म्हणतो, आणि त्याच्या मागे त्याची युद्धनौका उभी असते. आपले नाव आणि पत्ता मंत्रासारखा घोकणाऱ्या लहानग्या पर्सिव्हलला आता नावही आठवत नाही. राल्फ आपल्या शहाण्या मित्रासाठी रडतो, त्यालाही तो पिगीच म्हणतो. दुसरे नाव त्याला माहीत नाही. त्याने कधी विचारले नव्हते.

माणसाच्या हृदयातील अंधार असे ह्याचे तात्पर्य आमच्या विद्यार्थ्यांनी लिहावे आणि गुण मिळवावेत, माझी हरकत नाही. पण त्यांनी प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारावेत, असे मी आता वर्गात सांगतो. येथे कोण कुणाला भितो? त्या भीतीचा फायदा कुणाला होतो? आणि नाव कुणाला दिलेले नाही? हे प्रश्न पुस्तकाला विचारायची सवय लागली, की ते आपल्या गावाला, आपल्या संघटनेला आणि आपल्या वसतिगृहालाही विचारता येतात. मी ते वेळेवर विचारले नाहीत. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने विचारले.